शनवार तेल्यांच्या घरचे सण

मांडव्याच्या धक्क्यावर उतरून अलिबागेच्या रस्त्याला लागले म्हणजे झिराड, किहीम, नवगाव अशा गावांच्या पाट्या एकामागून एक दिसू लागतात. ही नुसती गावांची नावे नव्हेत. ती आडनावेही आहेत. झिराडकर, किहीमकर, नवगावकर. पुढे पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, दिवेकर. ही आडनावे ऐकून कोणालाही वाटावे की ही कोकणातील चारचौघांसारखी मराठी कुटुंबे. ती मराठी आहेतच; पण त्यांचा शब्बाथ शनिवारी असतो, त्यांच्या दाराच्या चौकटीवर पवित्र वचनांची गुंडाळी ठेवलेली लहानशी डबी ठोकलेली असते, आणि ती आपल्याला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची मुले, असे म्हणवितात. आम्ही या प्रांती गेलो तो समुद्र पाहावयास नव्हे. ज्या लोकांपाशी कित्येक शतके ग्रंथ नव्हता, धर्मगुरू नव्हता, देऊळही नव्हते, त्यांनी आपला धर्म राखला तरी कशाच्या बळावर, हे जमल्यास त्यांच्या घरातच पाहावे, एवढाच आमचा हेतू होता.

त्यांची परंपरा अशी सांगते, की ख्रिस्तपूर्व 175 च्या सुमारास अंतिओक राजाच्या छळाला कंटाळून त्यांचे पूर्वज गलबतातून निघाले आणि नवगावच्या किनाऱ्यापाशी ते गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रेते त्यांनी तेथेच पुरली. पुरुषांची निराळी, स्त्रियांची निराळी. नवगावच्या दफनभूमीत आता त्या जागी स्मारक उभे आहे. हा अंतिओक आमच्या वाचकांना मक्काबींच्या ग्रंथातून ठाऊक आहे. सनावळीबद्दल इतिहासकारांचे एकमत नाही. कोणी हे लोक पुष्कळ नंतर आले असे मानतात. पण जुन्या मताच्या बाजूने एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. या लोकांना पूर्वी हनुक्काचा, म्हणजे मक्काबींच्या विजयानंतर झालेल्या मंदिरशुद्धीचा, सण ठाऊकच नव्हता. जो सण सुरू होण्यापूर्वीच घर सोडले, तो ठाऊक असणार तरी कसा?

कोकणात आल्यावर त्यांनी तेलाचा घाणा धरला. गावोगाव तिळाचे व खोबऱ्याचे तेल काढून ते विकीत. आठवड्यातून एक दिवस मात्र त्यांचा घाणा फिरत नसे, बैल सुटा असे. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. हिब्रू भाषा ते विसरले होते. एक 'शमा', म्हणजे देव एकच आहे असे सांगणारी प्रार्थना, तेवढी ओठांवर उरली होती; बाळाच्या सुंतेला, लग्नात आणि मयताला तीच म्हणावयाची.

दाविद राहाबी नावाचा एक यहुदी विद्वान त्यांच्यात आला, तेव्हाची कथा मोठी मार्मिक आहे. कोणी तो हजार वर्षांपूर्वी आला म्हणतात, कोणी तो अठराव्या शतकातील कोचीनचा राहाबीच असे धरतात. हे लोक खरोखर आपलेच काय, अशी त्याला शंका होती. त्याने काय केले? वाद घातला नाही, वंशावळी मागितल्या नाहीत. बाजारातून मासळी आणवून ती घरातील स्त्रियांपुढे ठेविली आणि रांधावयास सांगितले. स्त्रियांनी पर आणि खवले असलेली मासळी निवडून घेतली व उरलेली बाजूस सारली. असे का केलेत, म्हणून विचारता त्या म्हणाल्या, ही आम्ही खात नाही. मोशेच्या नियमातील भेद त्यांच्या विळीपाशी जिवंत होता. राहाबीची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील माणसांना शिकवून 'काजी' केले, असे परंपरा सांगते. सुरमई, रावस, पापलेट चालावे आणि कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या वर्ज्य असाव्यात, हे कोकणच्या किनाऱ्यावर राहून पाळणे किती कठीण, हे आमच्या गोव्याच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

या लोकांच्या जुन्या सणांची नावे हा तर आम्हाला स्वयंपाकघरातला इतिहासच वाटला. आपल्या समाजाचा इतिहास हाईम सामुएल केहीमकर यांनी 1897 साली लिहून ठेविला. तो 1937 साली तेल अवीव येथे छापला गेला. त्यात व इतरत्र ही नावे आढळतात. मूळची हिब्रू नावे पार पुसून गेलेली. त्यांच्या जागी शुद्ध घरगुती मराठी. वर्षारंभ तो 'नव्याचा सण'. त्यानंतर थोड्याच दिवसांनी 'खिरीचा सण'. प्रायश्चित्ताचा महान दिवस तो 'दारफाळणीचा सण', कारण त्या दिवशी घराची दारे लावून घ्यावयाची, शुभ्र वस्त्रे नेसून उपास करावयाचा आणि बाहेरच्या कोणाचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करावयाचा आणि आप्तेष्टांच्या भेटी घ्यावयाच्या. होळीच्या सुमारास पुरीम येतो, म्हणून तो 'होळीचा सण'. यरुशलेमचे मंदिर पडले त्या दुःखाच्या दिवशी वालाला मोड आणून, सोलून, त्याचे बिरडे करीत व ते भाताबरोबर केळीच्या पानावर वाढून खाली बसून खात. म्हणून तो 'बिरड्याचा सण'. त्या दिवसांत मांस नाही. मंदिर कोणते, पाडले कोणी, हे पुष्कळांना सांगता आले नसते. पण वाल भिजत कधी घालावयाचे, हे प्रत्येक सासूने प्रत्येक सुनेला सांगितले होते.

या सर्वांत आम्हाला जे नाव अधिक मोलाचे वाटले, ते 'अनशी ढाकायचा सण'. अनास म्हणजे घरातील आंबट चटणी ठेवण्याचे मडके. वर्षातून एकदा आठ दिवस हे मडके झाकून ठेवावयाचे, त्याला हात लावावयाचा नाही. का, ते कोणाला ठाऊक नव्हते. तो पास्काचा सण होता! मिसर देशातून सुटका, बेखमीर भाकर, घाईने बांधलेल्या कंबरा, हे सर्व विस्मरणात गेले होते. आंबलेले घरात उघडे राहू नये, एवढी एक आठवण त्या मडक्याच्या झाकणाखाली शिल्लक राहिली होती. पुढे एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा काढल्या; जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. मिशनऱ्यांचा हेतू निराळा होता, हे उघडच आहे; पण बेने इस्राएलांनी त्यांच्याकडून विद्या घेतली आणि आपला धर्म आपल्यापाशीच ठेविला. मराठी बायबल वाचताना त्यांना आपल्या मडक्याचे कारण समजले. 1846 साली मुंबईत पास्काच्या रात्रीचा विधिग्रंथ, हग्गादा, मराठी भाषांतरासह निघाला. 1874 साली पुण्यास त्याची सचित्र आवृत्ती निघाली.

तेव्हापासून पास्काची तयारी म्हणजे घराची जणू नवी उभारणीच होऊन बसली. भिंतींना चुना द्यावयाचा, तांब्या-पितळेची भांडी कल्हईला काढावयाची, कोठीचा कानाकोपरा झाडून खमिराचा कण राहू द्यावयाचा नाही. बेखमीर भाकर घरीच भाजावयाची. द्राक्षारस कोकणात कोठून मिळावा? म्हणून काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुसकरून, गाळून त्याचे सरबत करीत. शब्बाथच्या आशीर्वादालाही तेच. मिसरमधील विटांच्या चिखलाची आठवण म्हणून जे गोड कालवण ताटात असते, ते खजुराचे. आणि एक विलक्षण चाल: बकऱ्याच्या किंवा मेंढ्याच्या रक्तात पंजा बुडवून त्याचा ठसा कागदावर उठवावयाचा आणि तो कागद दाराच्या चौकटीवर लावावयाचा. निर्गमाच्या ग्रंथातील ती भयाण रात्र ज्यांनी वाचली आहे, त्यांना त्या पंजाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. पुष्कळ घरांत आता ही चाल उरलेली नाही.

नव्याच्या सणाला चिकाचा हलवा हवाच. याची कृती आम्ही मुद्दाम विचारून घेतली, कारण ती नुसती पाककृती नाही. गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, पाणी रोज बदलावयाचे. मग ते पाट्यावर वाटून, फडक्यातून पिळून चीक काढावयाचा आणि रात्रभर निवळत ठेवून वरचे पाणी हलकेच ओतून द्यावयाचे. तळाचा दाट चीक नारळाच्या दुधात कालवून, साखर घालून, मंद विस्तवावर चढवावयाचा आणि सारखा घोटीत राहावयाचे; क्षणभर हात थांबला तर गाठी झाल्याच म्हणून समजावे. एकटीच्या हाताने हे होत नाही. आई, सून, शेजारीण, ज्या कोणी असतील त्या आळीपाळीने उलथने धरितात, आणि दोन-तीन तास चालणाऱ्या या घोटण्यात घरातील लहान मुलींना सर्व कुळाच्या गोष्टी आपोआप ऐकावयास मिळतात. घट्ट झाले म्हणजे वेलदोड्याची पूड घालून ताटात ओतावयाचे, वर बदाम-पिस्त्यांचे काप पेरावयाचे आणि गार झाल्यावर वड्या पाडावयाच्या. मग ताटे भरून ती शेजारी जातात.

नारळाचेच दूध का? करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजविण्यास मोशेच्या नियमाने मनाई आहे. त्यावरून यहुदी घरांत मांस आणि दूध एकत्र येत नाही. ज्या जेवणात बकऱ्याचे मटण आहे, त्यानंतर गाईम्हशीच्या दुधाची मिठाई चालावयाची नाही. इतर देशांतील यहुद्यांना यावर नाना उपाय शोधावे लागले. कोकणातील गृहिणीच्या परसात उपाय आपला उभाच होता! मटणाच्या रश्शात नारळाचे दूध, हलव्यात नारळाचे दूध. नियमाने जे बंद केले, ते माडाने उघडून दिले.

आता मलिद्याकडे वळू. हा विधी जगातील इतर यहुद्यांत या रूपाने नाही. तो बेने इस्राएलांचाच. नवस फेडावयाचा असो, लग्न ठरलेले असो, नव्या घरात पाऊल टाकावयाचे असो, कोणी दुखण्यातून उठलेले असो, एलिया संदेष्ट्याच्या, त्यांच्या भाषेत एलियाहू हनाबीच्या, नावाने मलिदा करावयाचा. आम्ही पाहिला तो अलिबागेतील एका घरचा. पोहे धुऊन, त्यात साखर, ओले खोबरे, वेलदोडा, मनुका, बदाम घालून मोठ्या थाळीत त्यांची रास रचिली होती. भोवती केळी, खजूर, सफरचंदे व इतर फळे, आणि वर गुलाबाची फुले. पुरुष डोक्यावर टोप्या घालून थाळीभोवती बसले, स्त्रियांनी पदर घेतले, आणि एलियाहू हनाबीचे स्तोत्र हिब्रूतून सुरू झाले. मग झाडाच्या फळाचा आशीर्वाद निराळा, भूमीच्या फळाचा निराळा, सुगंधाचा निराळा. फूल हुंगूनसुद्धा देवाचे आभार मानावयाचे, ही रीत आम्हाला फार आवडली. आम्ही मागल्या बाजूस उभे होतो, तो घरच्या आजींनी हाताला धरून बसविले. "बसा हो. मलिद्याला आलेलं माणूस उभ्यानं जात नाही," त्या म्हणाल्या, आणि ओंजळीत खजूर, केळे व पोहे घातले. शेजारच्या हिंदू व मुसलमान घरांतही वाटे गेले.

मलिदा, काजी, रोजा, उरूस. हे शब्द मुसलमान शेजाऱ्यांचे. आपल्या प्रार्थनागृहालाही ते जुन्या काळी 'मशीद'च म्हणत. हळद लावणे, हिरवा चुडा, मंगळसूत्र, हे हिंदू शेजाऱ्यांचे. शब्द कोणाचेही असोत, आत साठविलेली वस्तू मात्र त्यांनी बदलू दिली नाही. एलियाहू हनाबीवर तर या प्रांताचाच हक्क असल्यासारखे ते बोलतात. अलिबागेजवळ सागाव-खंडाळ्याच्या बाजूस एका खडकावर खुणा आहेत. संदेष्ट्याचा अग्निरथ येथूनच स्वर्गाला गेला आणि त्या खुणा त्याच्या घोड्यांच्या व चाकांच्या, अशी त्यांची श्रद्धा आहे. पवित्र शास्त्रात ही घटना यार्देन नदीपलीकडची आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरीही नवस फेडावयास ते या खडकापाशी येतात.

सर्वच गोड होते असे म्हणणे खरे होणार नाही. ज्या पंगतीने या लोकांना एकत्र राखले, त्याच पंगतीने त्यांच्यात फूटही पाडली. 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असे दोन भाग होते. मिश्र संबंधांतून जन्मलेल्यांना काळे म्हणावयाचे आणि त्यांच्याशी रोटीबेटीचा व्यवहार ठेवावयाचा नाही, अशी चाल पुष्कळ काळ चालली. कोकणची हवा त्यांनाही बाधली होती. विसाव्या शतकात ही चाल मोडत गेली.

अलिबागेच्या इस्राएल आळीतील मागेन आबोथ हे सिनेगॉग 1848 सालचे. आजची इमारत 1910 ची. त्याहून जुने रेवदंड्याचे बेथ एल, 1842 चे. मुंबईतील पहिले 1796 साली सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी बांधले. त्यांना मराठी रीतीने सामाजी हसाजी म्हणत. रेवदंड्याला गेलात तर कुंडलिका खाडीपलीकडचे कोर्लईही पाहून या. तेथील आपली कॅथॉलिक मंडळी पोर्तुगिजांच्या वेळची एक मिश्र बोली अद्याप घरात बोलतात. खाडीच्या एका तीरावर ज्यांनी भाषा गमावून ताट राखले ते, आणि दुसऱ्या तीरावर ज्यांनी भाषा राखली ते.

ताटावरून माणूस ओळखण्याचा प्रसंग या लोकांवर पुन्हा एकदा आला, तो फार कडू. 1948 साली इस्राएल राष्ट्र झाले, तेव्हा भारतात बेने इस्राएल सुमारे 20,000 होते. त्यांतील बहुतेक पुढील वर्षांत तिकडे गेले. तेथे 1962 च्या सुमारास धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबद्दल शंका काढली: तुमच्या आज्या-पणज्यांची लग्ने, काडीमोड शास्त्राप्रमाणे झाली होती कशावरून? दाखले आणा. तेल्याच्या घरात दाखले कोठचे असणार? मासळी पुढे ठेवून पाहणारा राहाबी त्यांच्यात कोणी नव्हता. बेने इस्राएलांनी यरुशलेमेत धरणे धरिले. अखेर 1964 साली तेथील संसदेने व सरकारने, ते सर्व दृष्टींनी पूर्ण यहुदी आहेत, असे जाहीर केले. ज्या देशाकडे तोंड करून शतकानुशतके प्रार्थना केली, त्याच देशात हे सिद्ध करावे लागले, याची सल जुन्या माणसांच्या बोलण्यातून अजून गेलेली नाही. कोकणात त्यांना असे कोणी कधी विचारले नव्हते. येथे ते शनवार तेली होते आणि तेवढे पुरेसे होते.

आज भारतात चार-पाच हजार यहुदी उरले असतील. त्यांतील बहुसंख्य बेने इस्राएल, आणि तेही प्रामुख्याने मुंबई-ठाणे भागात. अहमदाबादेस 1934 साली बांधलेले त्यांचे देखणे सिनेगॉग आहे. महाराष्ट्र शासनाने 2016 साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. केहीमकरांनी 1875 साली मुंबईत काढलेली शाळा, जिला पुढे एली कदूरी यांचे नाव मिळाले, ती चालू आहे. पण तिच्यात यहुदी मुले आता क्वचितच. अलिबाग तालुक्यातील कित्येक गावांत त्यांची घरे बंद आहेत किंवा विकली गेली आहेत. दाराच्या चौकटीवर डबी होती तेथे दोन खिळ्यांची भोके तेवढी दिसतात.

तिकडे, डिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा या गावांत, पुष्कळ घरांतून मराठी अजून बोलली जाते. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघू लागले. डिमोनात भारतीय जिन्नसांची दुकाने आहेत. पोहे मिळतात, वेलदोडा मिळतो. नारळ मात्र परसात नाही, तेव्हा दूध डब्यातले. मलिद्याच्या घरच्या आजींची सर्व लेकरे तिकडेच असतात. नव्याच्या सणाच्या आधी त्यांना तिकडून फोन येतो, चीक किती वेळ निवळू द्यायचा म्हणून. "दरवर्षी सांगते," आजी म्हणाल्या, "आणि दरवर्षी विचारतात. यंदा नातवाने विचारले. तोही घोटायला बसतो म्हणे."